बुके मुलांच्या हातून का नाही

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आदरणीय डॉक्टरबाई. व्यासपीठावर विराजमान झालेले आमच्या क्लबचे सचिव, म्हणजे आम्हा सर्वांचे काका. फुटबॉल संघटनेतर्फे अगत्यानं आलेले पाहुणे. समोर बसलेले प्रशिक्षक, पंच आणि पालक. एकेकाळी वाऱ्यासारखे पळणारे आणि आता खुर्चीतून उठताना गुडघ्याला हात लावणारे आमचे माजी खेळाडू. आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत, पण मनातून कोणीच तयार नाही, त्या आमच्या चष्मेताई. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

काकांनी मला मघाशी कानात सांगितलं, "थोडक्यात आटप." काका स्वतः बोलायला उभे राहिले की मध्ये चहाची सुट्टी द्यावी लागते, हे या सभागृहाला ठाऊक आहे. तरी मी प्रयत्न करते. हसा काका, आज हसायला हरकत नाही. पुढे मी जे बोलणार आहे त्यात हसण्यासारखं फार नाही, म्हणून आत्ताच हसून घेऊ या.

अध्यक्षमहोदया, समारंभाच्या सुरुवातीला तुमच्या हातात बुके आला तो आमच्या मैदानमामांच्या हातून. हेच मामा रोज सकाळी मैदानावर चुन्याच्या रेषा आखतात. आज त्यांनी हात चांगले घासून धुतले होते, तरी नखांत थोडा चुना राहिलाच असेल. तुमच्या चेहऱ्यावर क्षणभर प्रश्न दिसला. मुलांचा क्लब, मुलांचा खेळ, आणि पाहुण्यांना फुलं द्यायला एकही मूल नाही? असं प्रत्येक पाहुण्याला वाटतं. बाहेरच्या क्लबचे लोक तर आम्हाला तोंडावर विचारतात, की तुमच्याकडे छान कपडे घातलेल्या दोन मुली नाहीत का?

आहेत. भरपूर आहेत. आत्ता त्या मागच्या मैदानावर आहेत, दोन प्रशिक्षकांबरोबर. लहान मुलं तिकडे आहेत म्हणूनच मी इथे मोकळेपणानं बोलू शकते. आमच्या क्लबमध्ये कुठल्याही मुलाला कोणाच्या सत्काराला फुलं द्यायला उभं करत नाहीत. हा नियम कुठल्याही वरच्या संघटनेनं घालून दिलेला नाही. तो चष्मेताईंचा आहे, आणि तो कसा आला ते सांगण्यासाठीच मी आज बोलायला मागून घेतलं आहे.

पण आधी ताईंबद्दल दोन शब्द, कारण नवीन पालकांना त्या फक्त मैदानाच्या कडेला बसून चेंडूत हवा भरणाऱ्या बाई म्हणून माहीत आहेत.

ताईंचं चष्म्याचं दुकान. स्टँडसमोरच्या रस्त्यावर, बाहेरून पूर्ण काचेचं. त्या क्लबमध्ये आल्या त्या काकांचा चष्मा पोचवायला. काकांनी चष्म्यावर बसून तो मोडला होता, आणि ताई दुरुस्त करून देण्यासाठी आल्या तेव्हा आत कार्यकारिणीची बैठक चालू होती. विषय असा, की प्रत्येक क्लबनं मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी एका माणसाकडे द्यायची, असा आदेश वरून आला होता. तोंडं बघण्यासारखी झाली होती म्हणे. एक जण छताकडे बघतोय, एक जण मोबाइलकडे, गोलरक्षकांच्या प्रशिक्षकांना अचानक बुटाची नाडी सुटल्याचं लक्षात आलं. तेवढ्यात दारात ताई. काका म्हणाले, "तुमचा मुलगा खेळतो ना आपल्याकडे? मग तुमचंच नाव टाकू या. काही करायचं नसतं, फक्त फळ्यावर नाव लागतं."

ताई म्हणाल्या, "नाव लावा. पण काम काय असतं ते कोण सांगेल?"

ते कोणालाच सांगता येईना. मग ताईच जाऊन शिकून आल्या, दुकान बंद ठेवून. आल्या त्या नियम घेऊन. कुठल्याही मोठ्या माणसानं एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत राहायचं नाही. कपडे बदलायच्या खोलीचं दार वाजवल्याशिवाय आत जायचं नाही. प्रशिक्षकानं मुलाला परस्पर निरोप पाठवायचे नाहीत, जे काही असेल ते पालकांच्या गटावर. एकट्या मुलाला एकट्यानं गाडीतून सोडायचं नाही. आज हे तुम्हाला अगदी साधं वाटेल. तेव्हा लोक खवळले होते. "आम्ही काय चोर आहोत का?" असं गोलरक्षकांच्या प्रशिक्षकांनी भर मैदानात विचारलं होतं. तुम्ही मान हलवताय, म्हणजे आठवतंय तुम्हाला. ताई म्हणाल्या होत्या, "माझ्या दुकानात जो येतो त्याचे डोळे मी तपासते. म्हणून काय प्रत्येक जण आंधळा असतो?"

ताईंना फुटबॉल कळत नाही. हे मी पूर्ण आदरानं सांगते आहे. इतकी वर्षं मैदानावर येऊनही त्या शेजारच्याला कोपरानं ढोसून विचारतात, "आता का शिट्टी वाजवली?" ऑफसाइड त्यांना आमच्या सगळ्यांनी समजावून झालं आहे, पेले-बशा मांडून झालं आहे, आणि दर वेळी त्या मनापासून मान डोलावतात आणि पुढच्या सामन्यात तोच प्रश्न विचारतात. पण त्यांचं लक्ष चेंडूकडे नसायचंच कधी. त्या मुलांकडे बघायच्या. कोण कोणाशेजारी बसत नाही, कोण अचानक गप्प झालं, कोण पाऊस असूनही बाहेरच बूट बदलतं.

सरावाआधी सामानाच्या खोलीबाहेरच्या बाकावर त्या पंप घेऊन बसत. पंपाची सुई ओली करून अलगद घालायची, नाहीतर चेंडूचं तोंड फाटतं. हे काम मुलांना भारी आवडतं. शेजारी येऊन बसत मुलं, चेंडू धरून. आणि हात कामात असले, समोरचा माणूस आपल्या डोळ्यांत बघत नसला, की मुलं बोलतात. ताई काही विचारत नसत. मी पुढे एकदा त्यांना म्हटलं, "तुम्ही खोदून का नाही विचारत?" तर म्हणाल्या, "अगं, मी नंबर काढताना पाटीवरचं अक्षर आपण होऊन सांगते का? सांगितलं की माणूस ‘हो, तेच आहे’ म्हणतो. त्याला काय दिसतंय ते मग कधीच कळत नाही. त्याचं त्याला वाचू द्यायचं. अडला तरी थांबायचं."

आता मी मूळ गोष्टीवर येते. डॉक्टरबाई, थोडं पाणी घेते.

परवा मी घेत असलेला सराव संपल्यावर एक वडील मैदानाच्या कडेला धापा टाकत उभे होते. त्यांच्या मुलाला मी सोडून देईन, असं मी म्हणू शकत नव्हते, कारण माझ्याबरोबर दुसरं कोणी मोठं माणूस नव्हतं. म्हणून त्यांना कामावरून धावत यावं लागलं होतं. वैतागणं साहजिक होतं. ते म्हणाले, "मॅडम, एवढं काय अवडंबर? आपल्या क्लबमध्ये असलं काही कधी घडलंय का?" मला माहीत आहे, की कार्यकारिणीतही हल्ली असं बोललं जातं. ताई निघाल्याच आहेत, तर नियम जरा सैल करू या, माणसं मिळत नाहीत, पूर्वी कुठे काय झालं होतं.

ते वडील इथे बसले आहेत. तुमच्यावर माझा राग नाही, दादा. तुम्ही रास्त प्रश्न विचारलात आणि मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. आज देते. घडलं होतं. आपल्याच क्लबमध्ये घडलं होतं, आणि जिच्या बाबतीत घडलं ती मी आहे.

बसा, कोणी उठू नका. मी ठीक आहे. मी हे ठरवून बोलते आहे.

मी तेव्हा सातवी-आठवीच्या वयाची होते. डाव्या बाजूनं खेळायचे आणि झोपेतसुद्धा फुटबॉल खेळायचे, असं आई म्हणते. बाबा जहाजावर, वर्षातला बराच काळ लांब. आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात दुसऱ्या पाळीला. आमचे मुख्य प्रशिक्षक होते, त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणायचे. आधी नाव लावायची गरज नव्हती, इतका त्यांचा दबदबा. क्लब त्यांच्यामुळे उभा राहिला, कप त्यांच्यामुळे आले, आणि त्यांच्याकडे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या होत्या. सराव संपल्यावर ते मला गाडीतून घरी सोडत. मला सगळ्यांत शेवटी. मला नवे बूट त्यांनीच दिले. "घरी सांग, क्लबनं दिले म्हणून. बाकीच्यांना वाईट वाटेल." आई त्यांना भेटली की हात जोडायची. म्हणायची, "सर आहेत म्हणून माझ्या जिवाला घोर नाही."

त्या गाडीत काय झालं ते मी इथे सांगणार नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना ते सांगून झालं आहे. एवढंच सांगते, की दर वेळी शेवटी ते म्हणायचे, "हे आपल्या दोघांत. मी कोणाला सांगणार नाही, तू पण सांगू नकोस. सांगितलंस तर फुटबॉल संपला तुझा." आणि मला फुटबॉल सोडायचा नव्हता. हे आज हास्यास्पद वाटेल कदाचित. पण त्या वयात माझ्याकडे तेवढं एकच होतं, आणि ते त्यांच्या मुठीत होतं.

ताईंचे नियम तेव्हा आलेले होते. मग सर मला गाडीतून कसे सोडत होते? कारण नियम सगळ्यांना होते, सरांना नव्हते. ताईंनी दोनदा बैठकीत विषय काढला होता आणि दोन्ही वेळा उत्तर मिळालं होतं, "अहो, सरांना कसं सांगायचं?" काका, हे मी तुमच्या परवानगीनं बोलते आहे. आपलं तसं बोलणं झालेलं आहे.

आणि मग क्लबनं सरांचा जाहीर सत्कार ठरवला. याच सभागृहात. निमंत्रणं छापून झाली. सरांना बुके कोणी द्यायचा? सरांच्या सगळ्यांत लाडक्या विद्यार्थिनीनं. अर्थातच मी. केवढा मान, असं सगळे म्हणाले. माझ्या मावशीनं फोन केला, आईनं नवा फ्रॉक शिवायला टाकला. शिवाय मला चार वाक्यं बोलायची होती, एका काकूंनी लिहून दिलेली. त्यांतलं शेवटचं वाक्य होतं, "सर आम्हाला वडिलांच्या जागी आहेत."

इथेच, या पायरीच्या बाजूला, आमची तालीम झाली. पहिली तीन वाक्यं मी घडाघडा म्हणायचे. चौथं आलं, की तोंडाला कुलूप. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच. "घाबरू नकोस गं," सगळे म्हणाले, "इथे सगळे आपलेच आहेत." सभागृहात त्या दिवशी कितीतरी मोठी माणसं होती आणि कोणाचीही त्यात चूक नव्हती. मुलगी स्टेजला घाबरते, यात काय विशेष? ताई मागच्या रांगेत बसून कोणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू आवळत होत्या. त्यांनी मान वर केली आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी बाकावर त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्या चेंडूत हवा भरत होत्या.

मी म्हटलं, "ताई, मी बुके दिला नाही तर चालेल?"

"चालेल."

बस, एवढंच. का, काय झालं, आईला विचारलंस का, एवढी निमंत्रणं गेली आहेत, काही नाही. मला विश्वासच बसेना. मी म्हटलं, "नक्की चालेल?"

"तुला नकोय ना? मग नको देऊस. देईल दुसरी कोणीतरी."

आणि माझ्या तोंडून गेलं, "दुसऱ्या कुठल्या मुलीनंही नको."

पंप थांबला. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं नाही. चेंडू तसाच मांडीवर ठेवून म्हणाल्या, "तुला काही सांगायचं असेल तर मी ऐकते आहे. नसेल तरी मी इथेच आहे."

मी म्हटलं, "कोणाला सांगणार नाही ना?"

अध्यक्षमहोदया, तुम्ही मुलांच्या डॉक्टर आहात. हा प्रश्न तुम्हालाही मुलांनी विचारला असेल. आपल्यापैकी कोणीही असतं तर काय म्हणालं असतं? "नाही गं बाळा, सांग, शपथ." त्या क्षणी तेच प्रेमाचं वाटतं. ताई म्हणाल्या, "तसं वचन मी देणार नाही. तुला कोणी त्रास देत असेल तर मला ते सांगावंच लागेल. पण कोणाला सांगणार ते आधी तुला सांगेन. तुझ्या पाठीमागे काही करणार नाही."

मी उठले आणि निघून गेले. इतका संताप आला होता मला. वाटलं, ही बाई काय कामाची? फळ्यावर नाव आहे नुसतं.

पण ताई थांबल्या नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी काकांना गाठून सांगितलं, की आजपासून कोणतंही मूल कोणाच्याही गाडीतून एकटं जाणार नाही, आणि कोणाच्याही म्हणजे सरांच्यासुद्धा. बालसंरक्षण कार्यालयाला फोन करून पुढे काय करायचं ते विचारून घेतलं. सराव संपला तेव्हा गाडीचं दार माझ्यासाठी उघडं होतं, आणि ताई आपल्या दुकानात कामाला असलेल्या मावशींना घेऊन फाटकात उभ्या होत्या. म्हणाल्या, "चल, आम्ही त्याच बाजूला निघालोय." त्यांचं घर अगदी उलट्या दिशेला होतं.

चालताना त्यांनी मला काहीच विचारलं नाही. फक्त लांबच्या दुकानांच्या पाट्या वाचायला लावल्या. "ती वाच. ती निळी वाच. आता उजवा डोळा झाकून वाच." मग म्हणाल्या, "डावा जरा कमी आहे तुझा. ये एकदा दुकानात."

रात्री अंथरुणात मी विचार करत होते. आणि मला एक गोष्ट कळली. तोवर मला ‘कोणाला सांगणार नाही’ असं म्हणणारा एकच माणूस भेटला होता. ताईंनी ते म्हणायला नकार दिला होता. म्हणजे ताई वेगळ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेले. ताईंनी मला आतल्या अंधाऱ्या खोलीत, जिथे डोळे तपासतात तिथे, नेलं नाही. पुढे काचेजवळ बसवलं. मावशी काउंटरवर, त्यांना आम्ही दिसत होतो पण ऐकू येत नव्हतं. आपला नियम त्यांनी आपल्यालाही लावला होता. आणि तिथे, रस्त्यावरून बसेस जात असताना, मी सगळं सांगितलं. ताई मध्ये एकदाही ‘बापरे’ म्हणाल्या नाहीत, रडल्या नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तू सांगितलंस ते बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी चूक नाही." मग कोणाकोणाला सांगायचं ते मला एकेक करून सांगितलं. त्यात पहिलं नाव आईचं होतं.

माझी आई आज आली आहे. पुढे बस म्हटलं तर बसली नाही, ती दाराजवळ बसली आहे. आई, तुला विचारूनच मी हे बोलते आहे, तरी तुझ्याकडे बघून बोलायची माझी हिंमत नाही.

ताईंनी आईला आधी वेगळं बसवून सांगितलं होतं, "मनात येईल ते विचारा, पण एक प्रश्न तिला विचारू नका. ‘मला आधी का नाही सांगितलंस’ हा." माझी आई, जी मीठ संपलं तर ‘आधी का नाही सांगितलंस’ म्हणून दिवसभर बोलू शकते, तिनं तो प्रश्न मला त्या दिवशी विचारला नाही. आजपर्यंत विचारला नाही. ज्या माणसापुढे ती हात जोडत होती त्याचं हे ऐकून तिचं काय झालं असेल, ते मला आता, या वयात, थोडं थोडं कळतं. त्या दिवशी तिनं शिंप्याकडून तो फ्रॉक परत आणला नाही, आणि माझा हात धरून ती रात्रभर जागी बसली.

मग कार्यकारिणीची तातडीची बैठक. ती मी पाहिलेली नाही. काकांनी मला सांगितली. कोणी म्हणालं, मुलीचा काहीतरी गैरसमज झाला असेल. कोणी म्हणालं, सत्कार होऊन जाऊ दे, मग शांतपणे बघू, निमंत्रणं गेली आहेत, क्लबची अब्रू जाईल. ताई म्हणाल्या, "मी परवानगी मागायला आलेले नाही. मी कळवायला आले आहे. पोलिसांना आणि बालसंरक्षण कार्यालयाला मी सांगून आले. तुमच्या हातात आता एवढंच आहे, की तो माणूस उद्या मैदानावर येता कामा नये." काका सरांचे वीस वर्षांचे दोस्त. ते उठले आणि त्यांनी सामानाच्या खोलीचं कुलूप बदलायला माणूस बोलावला.

सत्काराच्या दिवशी हे सभागृह खुर्च्या मांडून रिकामं होतं. ज्यांना निरोप पोचला नव्हता ते आले, आणि काकांनी दारात उभं राहून एकेकाला परत पाठवलं. मुलगी कोण, असं लोकांनी विचारलं. काका म्हणाले, "ते विचारायचं नाही." इतक्या वर्षांत ते कोणालाही कळलं नाही. ताई, काका, दुकानातल्या मावशी आणि माझं घर, एवढ्यांनाच माहीत. क्लबनं माझं नाव जपलं. मघाशी मी काकांची थट्टा केली, पण हे मी कधी विसरणार नाही.

नंतरचे दिवस वाईट होते. खोटं कशाला बोलू? पालकांनी मुलं काढून नेली, संघ मोडला, लोक म्हणाले, चष्मेवालीनं चांगला क्लब बुडवला. अर्ध्या शहरानं आपल्या डोळ्यांचे नंबर दुसरीकडे तपासून घेतले. ताई दुकानात बसून काचा पुसत राहिल्या. मग आणखी काही मुलं बोलली, काही तर मोठी होऊन गेलेली. तेव्हा ‘गैरसमज’ हा शब्द थांबला. न्यायालयात जे व्हायचं ते झालं, त्या माणसाला शिक्षा झाली. त्याबद्दल मला अधिक बोलायचं नाही. आज त्याचा दिवस नाही.

मी काय सांगत होते? हां, फुटबॉल.

ताईंनी मला सोपं जाईल असंही वचन दिलं नव्हतं. एकच म्हणाल्या होत्या, "तू खेळायला येणार असशील तर मी येत जाईन." आणि त्या येत गेल्या. ऊन असो, चिखल असो, गोलच्या मागे छत्री घेऊन उभ्या. मी कितीतरी वेळा खेळता खेळता नुसतं वळून बघायचे, छत्री आहे की नाही. असायची. मी गोल केला आणि तो रद्द झाला तरी टाळ्या वाजवायच्या, कारण ऑफसाइड, तुम्हाला माहीतच आहे. बुकेचा नियम त्याच वर्षी झाला. मुलांनी मोठ्यांचे सत्कार करायचे नाहीत. ज्या मुलाला नको म्हणता येत नाही, त्याच्या हातात फुलं द्यायची नाहीत. मैदानमामा द्यायला तयार असतात.

आणि डावा डोळा खरंच कमी निघाला बरं का. हा चष्मा तेव्हापासूनचा, काचा तेवढ्या बदलत गेल्या.

हे सगळं बोलायचं ठरवलं तेव्हा मी दुकानात गेले होते. ताईंचं सामान बांधून होत आलं होतं, त्या आता आपल्या मुलाकडे राहायला चालल्या आहेत, आपल्याला माहीत आहे. म्हटलं, "ताई, समारंभात सांगू का सगळं?" त्या भिंग पुसत होत्या. म्हणाल्या, "तुझं आहे ते. तुला हवं तर सांग, नको तर नको. पण माझं कौतुक व्हावं म्हणून सांगणार असशील तर गप्प बस."

ताई, तुमच्या कौतुकासाठी नाही सांगितलं. त्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. आणि पुढच्या महिन्यात बैठकीत कोणी म्हणालं, आपल्याकडे असलं कधी घडलेलं नाही, तर त्यांच्यासमोर मी बसलेली असेन. कारण ताईंच्या जागी आजपासून फळ्यावर माझं नाव लागतं आहे. पंप माझ्याकडे आला आहे. सुई ओली करून घालायची, मी विसरणार नाही.

आता आभार. अध्यक्षमहोदया, दवाखाना बंद ठेवून तुम्ही आलात, आणि मैदानमामांच्या हातून बुके हसत घेतलात, आपले मनापासून आभार. संघटनेच्या पाहुण्यांचे, सर्व प्रशिक्षकांचे, पालकांचे, आज खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि नंतर उचलणाऱ्यांचेही आभार. काकांचे आभार, त्यांनी मला एकदाही घड्याळ दाखवलं नाही. आईचे आभार मी घरी मानीन. ताई, तुमचे आभार मानायला मला चौथं वाक्य सापडत नाही. पण तेव्हा तीन वाक्यांनंतर मी थांबले होते, ते फक्त तुम्ही ऐकलंत.

बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त बोलले असेन, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनानं मला क्षमा करा. ती क्षमा आजच्या भाषणापुरती. यापुढे मुलांच्या बाबतीत माझ्याकडून कसूर झाली, मी दार वाजवायला विसरले, मी एखाद्याला म्हटलं की ‘अहो, त्यांना कसं सांगायचं?’, तर मात्र मला क्षमा करू नका. मग मी कितीही कप आणलेले असोत.

धन्यवाद.